खाच वर

दार उघडायच्या आधीच तिला कळलं. चाचणीघराच्या पायरीवर उभं राहिलं की तळपायांना एक बारीक थरथर लागायची, ताप भरलेल्या माणसाच्या खाटेवर टेकल्यासारखी. आज पायरी गप्प होती.

आत क्रेनवाला मामा टोपी हातात धरून उभा होता. एरवी मोठे साहेब आले तरी तो टोपी काढायचा नाही.

"गेली," तो म्हणाला.

"कधी?"

"मी कुलूप काढलं तेव्हा जिवंत होती. सात त्रेपन्नला गेली. आवाज असा झाला की मला वाटलं छतच आलं खाली."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजले होते. जेवणाचा डबा तिने टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि यंत्राच्या आकड्यापाशी गेली. तीन लाख अकरा हजार सहाशे चाळीस. यंत्र आपला आकडा आपणच कागदावर छापतं, पण ती तो वहीत हातानेही उतरवायची. त्यावरूनच तिला तिथे सगळे मोजणीताई म्हणत. वीस वर्षांत तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

काम सांगायला सोपं होतं. लोखंडी सांगाड्यात दोन टेकूंवर एक लाकडी तुळई आडवी ठेवायची आणि वरून तेलाच्या दट्ट्याने तिला दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं. सेकंदाला चार वेळा. जणू पुलावरून डब्यामागून डबा चालला आहे आणि गाडीला शेवटच नाही. सहा दिवसांत वीस लाख दाब भरतात. तेवढे झेलले तर तुळई पास.

एकदाच म्हणाल तर मरतुकडी तुळईसुद्धा इंजिन पेलून दाखवते. प्रश्न दुसऱ्यांदाचा असतो, आणि दोन लाखाव्यांदाचा. प्रत्येक डब्याखाली लाकूड केसभर वाकतं आणि डबा गेला की सरळ होतं. बाहेरून काही दिसत नाही. आत मात्र कुठेतरी ते साठत जातं आणि एक दिवस, नेहमीच्याच डब्याखाली, नेहमीच्याच वेगाला तुळई मोडते. पुस्तकात याला थकवा म्हणतात. ती शाळेनंतर जे काही शिकली ते या चाचणीघरातल्या कपाटातली पुस्तकं चाळून. हा शब्द तिथे पहिल्यांदा भेटला तेव्हा तिला हसू आलं होतं. आई आतून झिजत गेली, पण तिच्या हयातीत घरात कुणी हा शब्द इतक्या सरळपणे उच्चारला नव्हता.

रेल्वेचा प्रश्नही सरळच होता. आडवळणाच्या एका मार्गावर जुना लाकडी पूल होता. त्यावरून आता नवे, जास्त वजनाचे डबे न्यायचे होते. पुलाला चोवीस तुळया, सगळ्या दुय्यम प्रतीच्या, गाठीगाठींच्या. त्यातल्या सहा काढून तिथे नव्या बसवल्या आणि काढलेल्या चाचणीला धाडल्या. राहिलेल्या अठरा ठेवायच्या की काढायच्या, ते सांगा.

सहा तुळया मालगाडीतून उतरल्या त्या दिवशी तिने प्रत्येकीच्या टोकावरून हात फिरवला होता. टोकाच्या कडेला पटाशीच्या दोन घावांत काढलेली एक खाच होती, अंगठ्याचं पेर मावेल एवढी. ती खाच तिने पुढ्यात ताट आलं तेव्हापासून पाहिली होती. घरातल्या पाटाला ती होती, पाळण्याच्या दांडीला होती, तिच्या पाटीच्या चौकटीलाही होती. तिचे वडील पुलांच्या लाकडाचे पारखी. तुळईवर हातोडी ठोकायची, दुसऱ्या टोकाला कान लावायचा, आणि लाकूड पसंत पडलं की खाच काढायची. लोक त्यांना ठोकमास्तर म्हणत. त्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून ही त्यांची सही, असं ती लहानपणापासून धरून चालली होती.

हे तिने इंजिनिअर साहेबांना तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट मनाशी ठरवलं की बापाच्या तुळईला लेकीने झुकतं माप दिलं असं उद्या कुणाला म्हणायला जागा ठेवायची नाही. नियम असा होता की तुळईची कुठली बाजू खाली घ्यायची ते नाणं उडवून ठरवावं. त्या सकाळी नाणं तिच्या हातात होतं. तिने ते परत पाकिटात टाकलं आणि मामाला म्हणाली, "मोठी गाठ आहे ना, ती बाजू खाली घ्या."

"खाली? तिथेच तर ताण जास्त, ताई."

"म्हणूनच."

मामाने तिच्याकडे पाहिलं होतं आणि साखळी ओढली होती.

आता तुळई सांगाड्यात मधोमध मोडून पडली होती. सुरुवात गाठीच्या कडेनेच झाली होती. तडा तिथून लाकडाच्या तिरप्या रेषेने वर चढत गेला होता आणि वरचं चार बोटं जाडीचं लाकूड तेवढं फाटून पांढरं पडलं होतं. ती खाली वाकून बराच वेळ बघत राहिली.

"चहा आणू?" मामाने विचारलं.

"नको."

"मग मला एकट्याला आणतो. मयताला बसल्यासारखं वाटतंय."

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. वडिलांची खुर्ची खिडकीशी. पाय सुजायला लागल्यापासून ते जिना उतरले नव्हते. खिडकीतून रूळ दिसत नसत, पण मालगाडी जवळच्या पुलावर चढली की आवाज बदलायचा, आणि ते अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून डबे मोजायचे. शेवटचा डबा पलीकडच्या जमिनीवर उतरला की अंगठा थांबायचा. मगच ते पुढचं वाक्य बोलायचे. पाहुणे गोंधळायचे, घरच्यांना सवय होती.

"दादा, डबे मोजून झाले असतील तर आता घास मोज," आत्या म्हणायची. आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण. वहिनी गेल्यावर चार दिवस सोबतीला म्हणून आलेली आणि अकरा वर्षं राहिलेली. घरात कुणाचं काही चुकलं की ते पहिल्यांदा तिला कळायचं, आणि मग खालच्या मजल्यापर्यंत.

त्या सहा तुळया कुठल्या पुलाच्या, हे मोजणीताईने वडिलांना आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी पुराने त्या जागचा आधीचा पूल नेला. पलीकडच्या वस्त्या तुटल्या, दवाखाना अलीकडे. नव्या पुलासाठी अव्वल प्रतीचं लाकूड येईना. वरिष्ठ म्हणाले, आहे त्यातून निवडा. ठोकमास्तरांनी दोनशे ओंडके ठोकून चोवीस निवडले आणि कागदावर सही केली. त्या सहीनंतर त्यांनी डबे मोजायला सुरुवात केली. आजवर पूल पडला नव्हता, पण आजवर पडला नाही एवढ्याने त्यांचं समाधान कधी झालं नाही. तो नशिबाने उभा आहे की आपल्या पारखीने, एवढं त्यांना जायच्या आधी कळून घ्यायचं होतं.

ती आली तेव्हा ते दाराकडेच बघत होते.

"किती?"

आकडा कसा सांगायचा याचा तिने जिन्यात सराव केला होता. आयत्या वेळी सरळच सांगितला. "तीन लाख अकरा हजार सहाशे चाळीस."

"वीस लाखांतले?"

"हो, बाबा."

स्वयंपाकघरात आत्याचा विळीवरचा हात थांबला.

वडील म्हणाले, "म्हणजे सत्तावीस वर्षं माणसं माझ्या पारखीवर नाही, आपापल्या दैवावर पलीकडे गेली."

"नवे डबे जड आहेत, बाबा. जुन्यांच्या दीडपट. तुम्ही तेव्हा—"

"पोरी, समजूत घालू नकोस. तुला येत नाही."

ताट समोर आलं आणि तसंच परत गेलं. आत्यानेही घास मोज म्हटलं नाही. संध्याकाळची मालगाडी आली, पुलावर चढली, आवाज बदलला. मोजणीताईने सवयीने त्यांच्या हाताकडे पाहिलं. अंगठा हलला नाही. चाळीस-बेचाळीस डबे तसेच निघून गेले, कुणीही न मोजता. ते तिला मोडलेल्या तुळईपेक्षा जड गेलं.

गाडी गेल्यावर त्यांनी विचारलं, "मोडली कुठून?"

"मोठ्या गाठीपासून. खालून."

"खालून?" ते खुर्चीत पुढे सरकले. "गाठ खाली कशी आली? खाच कुठे होती?"

"टोकाला."

"टोकालाच असते गं! टोकाच्या वरच्या कडेला होती की खालच्या?"

तिने डोळे मिटले. टोक डोळ्यांपुढे आलं, टेकूचं लोखंड आलं, आणि लोखंडाला चिकटून ती अंगठ्याएवढी सावली.

"खालच्या."

ठोकमास्तरांनी खुर्चीच्या हातावर असा तळवा आपटला की आत्या बाहेर आली. "उलटी निजवलीस! अगं, मी काय नक्षी काढत होतो? खाच म्हणजे ही बाजू वर. गाठ वर आली की नुसती दाबली जाते, जागच्या जागी बसून राहते. खाली आली की दोन्हीकडून ओढली जाते, मग ती काय धरणार, कपाळ? एकेका तुळईला मी तीन-तीनदा उलटून पाहिलं होतं!"

"म्हणजे पाटावरची खाच?" आत्याने विचारलं. "मला वाटायचं, हौसेने काढलीस."

"पाटालाही वरची बाजू असते."

"आणि मी अकरा वर्षं उलट्या पाटावर बसले! तरीच."

हसू कुणालाच आलं नाही, पण खोलीतली हवा जरा हलली. मोजणीताई मात्र उभीच होती. तिच्या डोक्यात भलतंच काही सुरू झालं होतं.

"बाबा, हे कुठे लिहिलंय?"

"काय?"

"खाच वर ठेवायची, हे."

"लिहायचं काय त्यात? टोळीतल्या पोरासोरालाही माहीत होतं."

"टोळी कुठे आहे आता?"

ते खिडकीकडे बघायला लागले. टोळीतले दोघे त्यांच्याआधी गेले होते, बाकीचे कुठे कुठे पांगले होते. स्वतः ते निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती.

"बाबा, कागदावर?"

"कागदावर खाच लिहिली असती तर गाठही लिहावी लागली असती," ते सावकाश म्हणाले. "वरिष्ठ म्हणाले, मास्तर, नुसतं 'योग्य' लिहा. मी लिहिलं."

*

दुसऱ्या दिवशी ती चाचणीघरात न जाता आधी इंजिनिअर साहेबांच्या खोलीत गेली. साहेब तिच्या भाच्याच्या वयाचे. अवघड काही ऐकायची वेळ आली की चष्मा काढून पुसायचे. ती बोलत होती तोवर त्यांनी तो तीनदा पुसला.

"म्हणजे ताई, तुम्ही दोन गोष्टी लपवल्यात. तुळया तुमच्या वडिलांच्या आहेत, आणि ती खूण तुमच्या ओळखीची होती."

"तीन. नाणंही उडवलं नाही."

"का पण?"

"दुसऱ्या कुणाची असती तर उडवलं असतं."

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "यापुढे तुळई मी ठेवणार. तुम्ही फक्त मोजायचं. आणि हे सगळं अहवालात येईल, तुमच्या चुकीसकट."

"यायलाच हवं," ती म्हणाली. आपल्यावर ओरडायला हवं होतं असं तिला वाटत राहिलं. शांत माणसासमोर चूक कबूल करणं फार कठीण. ती चूक परत आपल्याच पदरात येऊन पडते.

दुसरी तुळई साहेबांनी स्वतः उभं राहून ठेवून घेतली, खाच वर करून. गाठ पहिलीएवढीच, मुठीएवढी. यंत्र सुरू झालं आणि पायरीला पुन्हा ताप भरला.

सहा दिवस ती घर ते चाचणीघर एवढंच चालली. रोज संध्याकाळी वडील विचारायचे, ती आकडा सांगायची. चार लाख. साडेसात लाख. दुसऱ्या दिवशी ते चार घास जेवले. चौथ्या दिवशी आकडा चौदा लाखांपाशी आला तेव्हा त्यांनी आत्याकडे आपली जुनी हातोडी मागितली आणि मांडीवर घेऊन बसले, मांजर घेतात तशी. सहाव्या दिवशी सकाळी वीस लाख भरले. साहेबांनी यंत्र हाताने बंद केलं. मोजणीताईने विजेरी घेऊन तुळई चारही बाजूंनी पाहिली, बोटांनी पाहिली, मग हातोडी ठोकून दुसऱ्या टोकाला कान लावला. लाकूड स्वच्छ वाजलं. मामाने टोपी घातली.

"पास?" त्याने विचारलं.

"ही पास," साहेब म्हणाले. पण त्यांच्या हातात एक लिफाफा होता. "ताई, जरा इकडे या. तुम्ही त्या दिवशी सांगितलंत म्हणून मी पुलावरून फोटो मागवले. तुळया काढायच्या आधीचे, जागेवरचे."

सहा फोटो होते, सहा टोकांचे. पाचांत खाच वर होती. एकात खाली.

तिला काही विचारावं लागलं नाही. बारा वर्षांत कधीतरी स्लीपर बदलायला तुळया उचलल्या असतील, परत ठेवताना ठेवणाऱ्याला खाच दिसलीही असेल. दिसली तरी त्याला ती काय सांगणार? कागदावर तर नुसतं 'योग्य' होतं.

घरी तिने दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, नाहीतर दुसरी सांगायचा धीर झाला नसता. वडिलांचा चेहरा पहिल्या वाक्याला उजळला आणि दुसऱ्याला तसाच राहिला, बदलायला वेळ न मिळाल्यासारखा.

"सहांत एक," ते म्हणाले. "मग अठरांत?"

"तेच."

"मला घेऊन चल."

"दादा, तुला जिना उतरवत नाही," आत्या म्हणाली.

"चढायला त्रास होतो. उतरायला काय, सोडून दिलं की झालं."

*

त्यांना खुर्चीसकट उतरवलं, मामाने आणि साहेबांनी. आत्या मागून उशी घेऊन येत होती आणि प्रत्येक पायरीला दोघांना सूचना देत होती. दोन तासांनी ते पुलाशी पोचले. साहेबांनी स्टेशनला कळवून दुपारपर्यंत गाड्या थांबवल्या होत्या. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. ठोकमास्तरांची खुर्ची काठावर ठेवली. सत्तावीस वर्षांत त्यांनी पूल मोजला होता तो आवाजाने, घराजवळच्या भलत्याच पुलावरून. आज तोच समोर होता, काळा पडलेला, आणि त्यांच्या आठवणीपेक्षा लहान.

मोजणीताईने साडी खोचली आणि शिडी घेऊन पाण्यात उतरली. खांबांवर तुळयांची टोकं एकमेकींशेजारी सरकवून ठेवलेली होती, त्यामुळे प्रत्येकीची खाच बघता येत होती. ती एकेकीपाशी शिडी लावायची, विजेरी टाकायची आणि ओरडून सांगायची.

"पहिली, वर!"

"पुढची," वडील काठावरून म्हणायचे.

"दुसरी, वर! तिसरी, वर!"

काठावर त्यांचा अंगठा पेरांवरून चालायला लागला होता. आठ, नऊ, दहा. आत्या उशी छातीशी धरून उभी होती.

अकरावीला ती ओरडली नाही.

"काय गं?"

"खाली," ती म्हणाली. मग शिडी मधे सरकवली, तुळईच्या पोटावरून विजेरी नेली. गाठ होती. गाठीच्या कडेला केसासारखी एक रेघ. तिने नख लावलं. नख आत गेलं.

"साहेब," ती खालून म्हणाली. "दुपारचीही गाडी नको. आज कुठलीच नको."

साहेब फोनकडे वळले.

ती पुढे गेली. बारावी वर, तेरावी वर. सोळावी खाली, तिच्यावर रेघ नव्हती, अजून. अठरा झाल्या तेव्हा तिचे पाय बधिर झाले होते. काठावर येऊन ती वडिलांच्या खुर्चीशी खालीच बसली, ओल्या साडीने.

"सोळा बरोबर आहेत, बाबा. सोळा राहतील. दोन काढायच्या."

ते पुलाकडे बघत होते. हातोडी मांडीवर होती. आत्याने उशी त्यांच्या पाठीमागे सारली.

"अकरावीची चीर किती?"

"नखभर."

"नखभर," ते म्हणाले. "जुन्या डब्यांना तुळई पुरली असती अजून थोडी. नव्या डब्यांना नाही."

"नाही."

"वही आहे ना तुझी?"

तिने पिशवीतून वही काढली. एक कोरं पान उघडलं. पाण्याचे थेंब पडू नयेत म्हणून पदराने हात पुसले.

"लिही. या पुलाच्या चोवीस तुळया मी निवडल्या. सगळ्यांत गाठी आहेत. ज्या बाजूला टोकाला खाच आहे ती बाजू वर ठेवायची. उलटी ठेवली तर तुळई टिकत नाही." ते थांबले. श्वास घेतला. "आणि हे मला तेव्हा ठाऊक होतं आणि मी लिहिलं नाही."

ती लिहीत होती ती थांबली. "बाबा, हे शेवटचंही घालू?"

"शेवटी नको," ठोकमास्तर म्हणाले. "ते आधी लिही."

तिने पान उलटलं आणि नव्याने सुरुवात केली. सहीची वेळ आली तेव्हा त्यांनी वही मांडीवर घेतली. नाव लिहायला वेळ लागला, पण त्यांनी ते पुरतं लिहिलं.